योशितोचे आकडे आणि माझी रिकामी ओळ

माझा नवरा म्हणायचा, माणूस तोंडानं खोटं बोलेल, पण न्हाव्याच्या हाताखाली आलेलं डोकं खोटं बोलत नाही. त्याला जाऊन सहा वर्षं झाली, त्यामुळे आता भांडता येत नाही. नाहीतर सांगितलं असतं की तुमचं हे शहाणपण साफ चुकीचं निघालं. अडतीस वर्षं मी एका डोक्यावरून हात फिरवला आणि आत काय चाललंय ते मला काडीचंही कळलं नाही.

ते डोकं योशितोचं. हिमी गावच्या बंदराकडून वर येणाऱ्या गल्लीत आमच्या शेजारगटाची अकरा घरं आहेत. पहिलं त्याचं, दुसरं माझं, म्हणजे घर मागे आणि पुढे केशकर्तनालय. तीन वर्षांचा असताना त्याच्या आईनं, मित्सुयोनं, त्याला माझ्या खुर्चीवर फळी टाकून पहिल्यांदा बसवलं, तेव्हा त्यानं असा टाहो फोडला की समोरच्या बर्फाच्या कारखान्यातली माणसं धावत बाहेर आली. आता तो एक्केचाळीस वर्षांचा आहे आणि टाहो फोडत नाही. महिन्याच्या पहिल्या बुधवारी बरोब्बर दहाला दार ढकलतो आणि कोट तिसऱ्या खुंटीला अडकवतो. तिसरीवर दुसऱ्या कुणाचा कोट असला, तर दारातच उभा राहतो. म्हणून त्या दिवशी सकाळपासून मी तिसऱ्या खुंटीला माझा ॲप्रन अडकवून जागा धरते.

तो बसला की मी बोलते. बोलल्याशिवाय मला केस कापताच येत नाहीत. तिसऱ्या घरातला हमातानी म्हणतो, या बाईची कात्री जिभेला जोडलेली आहे. योशितो हूं नाही की चूं नाही, मान ताठ ठेवून ऐकतो. इतकं गुणी गिऱ्हाईक अख्ख्या गावात नाही, असं मी चारचौघांत सांगायची. त्या खुर्चीच्या उजव्या हाताचं रेक्झिन मात्र लवकर झिजायचं. दोनदा बदलून घेतलं. दुसऱ्यांदा तर दुरुस्तीवाल्याला मी चांगलंच फैलावर घेतलं, "काय हो, कसला रद्दी माल लावता!" तो बिचारा चार वेळा वाकून माफी मागून गेला.

योशितो सुक्या तारल्यांच्या कारखान्यात खोक्यांवरच्या तारखा तपासतो. वीस वर्षांत चुकीची तारीख घेऊन एकही खोकं बाहेर पडलेलं नाही. तो स्वमग्न आहे हे त्याला अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं. तोवर गल्लीनं त्याला हट्टी, विक्षिप्त, आईनं लाडावलेला अशी सगळी नावं ठेवून झाली होती. त्यातली एकदोन माझीही असतील, नाही म्हणत नाही. निदानाचा कागद घरी आला तेव्हा मित्सुयो रडली. योशितो म्हणाला, "म्हणजे याला नाव आहे," आणि जेवायला बसला.

आता गोष्ट सुरू होते ती गटप्रमुखपदापासून. आमच्याकडे हे पद दर एप्रिलला एका घराकडून पुढच्या घराकडे जातं. त्याला निवडणूक नाही, मानपान नाही, आणि नकारही नाही. पाळी आली की घ्यायचं. मोठं काम म्हणजे फिरती पाटी. कडक पुठ्ठ्याची पाटी, तिला चिमटा, चिमट्यात नगरपालिकेच्या नोटिसा आणि वरच्या कागदावर अकरा घरांचे अकरा चौकोन. नोटीस वाचायची, आपल्या चौकोनात आपल्या नावाचा शिक्का मारायचा आणि पाटी पुढच्या घरी द्यायची. खरं सांगू का? वाचत कुणीच नाही. शिक्का मारतो आणि पुढे ढकलतो.

गेल्या एप्रिलात पाळी पहिल्या घराची आली. सगळ्यांनी गृहीत धरलं की काम मित्सुयो करणार. मे महिन्यात मित्सुयो गटाराच्या झाकणावरून घसरली, कमरेचं हाड मोडलं आणि तिची रवानगी टेकडीवरच्या वृद्धाश्रमात झाली. घरात उरला योशितो. थोरली बहीण मासाए नागोयाहून आली. ती तिथे दातांच्या दवाखान्यात नोकरी करते, स्वभावानं वाईट नाही, पण सतत घाईत. माझ्याच दुकानात बसून भावाबहिणीचं बोलणं झालं.

"काकू, याला एकटा कसा ठेवू, तुम्हीच सांगा. दारावरची बेल वाजली की हा कपाटात जाऊन बसतो."

"बेल नका वाजवू," योशितो म्हणाला.

"तुझ्यासाठी आता सगळं जग बेल वाजवायचं बंद करणार आहे का?"

शेवटी ठरलं ते असं. वर्षअखेरपर्यंत घर आणि गटाचं काम दोन्ही नीट चाललं, तर योशितोनं इथेच राहायचं. नाहीतर घर बंद करायचं आणि त्यानं नागोयाला, बहिणीच्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीत जायचं. म्हणजे कारखाना नाही, बंदर नाही, पहिला बुधवार नाही. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून त्याच्या येरझारा ऐकू येत होत्या. मी टीव्हीचा आवाज वाढवला. काय करायला हवं होतं ते मला कळलंच नाही.

जूनमध्ये शहराच्या मदत केंद्रातल्या बाईंनी त्याच्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. स्वमग्न माणसांसाठीच बनवलेलं, काळजी आवरायला शिकवणारं. मी ऐकलं आणि माझं तोंड सुटलं.

"अरे, फोनला काय कळतंय तुझ्या मनातलं?"

"काहीच कळत नाही," तो म्हणाला. "म्हणून तो विचारतो."

रोज संध्याकाळी सात वाजता ते ॲप तीन गोष्टी विचारी. आज कशाची काळजी वाटली? किती, शून्य ते दहा? तेव्हा काय केलं? उत्तर दिलं की एखादी छोटी युक्ती शिकवी. श्वास कसा लांबवायचा, तळवे एकमेकांवर कसे दाबायचे, अवघड कामाचे तुकडे कसे करायचे. बाकी गडबड नाही, गाणी नाहीत, नाचणारी चित्रं नाहीत. महिन्याभरानं एकदा मी विचारलं, "काय फरक पडला रे?" तो म्हणाला, "आधी सगळं एकच होतं. पोटात. आता वेगवेगळं आहे."

पाटी पुढच्या घरी नेऊन देणं हे त्याचं सगळ्यात अवघड काम होतं, कारण बेल वाजवायची आणि माणूस बाहेर आला की बोलायचं. ॲपनं सांगितल्याप्रमाणे त्यानं त्याचे तुकडे केले. पहिले चार दिवस एकेका फाटकासमोर नुसता उभा राहिला. पुढचे चार दिवस फाटकाला हात लावून परत आला. हमातानी धापा टाकत माझ्याकडे आला.

"कियोए, नगरपालिका रस्ता रुंद करतेय का गं?"

"का हो?"

"तो योशितो माझ्या फाटकाची मापं घेतोय. काल उभं राहून डोळ्यांनी घेतली, आज हातानं."

ऑगस्टपर्यंत योशितोनं स्वतःची रीत बसवली. पाटी पत्रपेटीला कपड्यांच्या चिमट्यानं लावायची, घरवाल्यांना फोनवर 'पाटी आली' एवढाच निरोप पाठवायचा आणि निघायचं. दुसऱ्या घरानं तिसऱ्याला कधी द्यायची याच्या तारखाही त्यानं चौकोनांखाली घातल्या. आधीच्या प्रमुखांच्या काळात पाटी कुणाच्या तरी वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली दोन-दोन आठवडे झोपायची. एकदा सुट्टीत मुलांसाठी भरवायच्या व्यायामाची नोटीस मुलं शाळेत परत गेल्यावर माझ्याकडे पोचली होती. योशितोच्या राज्यात पाटी तीन दिवसांत अकरा घरं फिरून परत. हमातानी म्हणाला, "गटाला पहिल्यांदाच प्रमुख मिळाला." मासाएला मी हे मुद्दाम फोन करून सांगितलं.

आणि मग नोव्हेंबरच्या शेवटी मी माती खाल्ली.

त्या मंगळवारी सकाळी समुद्रावर मोसमातला पहिला गडगडाट झाला. या गडगडाटानं बुरी मासा किनाऱ्याकडे येतो, त्यामुळे आमच्या गल्लीत तो झाला की माणसं लग्नाचा बँड आल्यासारखी दारात येतात. "आला, आला!" असा एकमेकांना आवाज देतात. योशितोसाठी मात्र तो दिवस कानावर जाड कानपट्ट्या चढवून, रजई घेऊन कपाटात बसायचा. तेही आता घाबरून नव्हे, ठरवून. साडेनऊला मला त्याचा निरोप आला. 'आज गडगडाट आहे. पाटी चपलांच्या कपाटावर आहे. तुम्ही न्या.'

मी गेले. पाटीवर रविवारच्या गटारसफाईची नोटीस होती. शेजारी एक छापील कागद पडला होता, तीन रकाने, वर काही ओळी भरलेल्या, खाली बऱ्याच रिकाम्या. मला वाटलं, नोटिशीचं दुसरं पान निसटलंय. दुकानात गिऱ्हाईक तोंडाला साबण लावून बसलेलं. मी कागद चिमट्यात सगळ्यात वर लावला, खिशातला शिक्का काढून माझ्या चौकोनात ठोकला आणि पाटी हमातानीच्या पत्रपेटीला अडकवून परत आले. एक अक्षर वाचलं नाही.

तासाभरानं हमातानीचा फोन आला.

"कियोए, तू आठ आहेस, हे ठाऊक आहे का तुला?"

"सकाळी सकाळी प्यायलात की काय?"

"वाचून दाखवतो. 'कियोए काकूंचं दुकान. काकू मागून अचानक बोलतात. मशीन न सांगता सुरू होतं. आठ. काय केलं? खुर्चीचा हात घट्ट धरला. सव्वीस मिनिटं.'"

तेव्हा मला कळलं, तो कागद नोटिशीचा नव्हताच. केंद्रातल्या बाईंना दाखवण्यासाठी योशितोनं ॲपमधला महिन्याचा तक्ता छापून आणला होता, आणि मी त्याच्या पोटातलं सगळं अकरा घरं फिरायला सोडलं होतं.

"हमातानी, तो कागद आत्ताच्या आत्ता काढून ठेवा!"

"पुढे दिली की पाटी. तारीख घातलीये ना खाली."

साबण लावलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला "आलेच" म्हणून मी ॲप्रनसकट धावले. चौथ्या घरी गेले तर पाटी पाचव्या घरी. पाचव्या घरी म्हणाले, आत्ताच सहाव्याकडे दिली. एरवी जी पाटी ढकलावी लागते, ती त्या दिवशी पायांना चाकं लावल्यागत पळत होती. आठव्या घरी आजोबा दारातच म्हणाले, "भरला हो आम्ही तो फॉर्म."

"कुठला फॉर्म?"

"काळज्यांचा. वर नमुना भरून दिलाय, खाली आपण भरायचं. नगरपालिकेला आताशा काय काय सुचतं!"

कागदावर नाव नव्हतं. ॲप नाव छापत नाही. आणि आपल्याकडे कुठल्याही फॉर्मवर वर दोन-चार ओळी नमुन्यादाखल भरलेल्या असतातच. रिकामा रकाना दिसला, वर एका शेजाऱ्याचा शिक्का दिसला, की आम्ही माणसं भरतो. रांगेत उभं राहावं तसं भरतो. धापा टाकत मी अकराव्या घरी, सेत्सु आजींकडे पोचले. त्या ब्याऐंशी वर्षांच्या.

"आत्ताच टाकून आले गं योशितोच्या पेटीत," त्या म्हणाल्या. "बेल नाही हं वाजवली. त्याला आवडत नाही ना."

त्यांना ते आधी माहीत होतं की कागदावरून कळलं, हे मी विचारलं नाही.

परत येताना माझ्या मनात काय होतं ते खरं सांगते. आधी राग आला. नाकाला मिरच्या झोंबल्या. अडतीस वर्षं मी याला दुखू नये म्हणून वस्तरा ऊन पाण्यात बुडवून वापरला, आणि मी आठ? मग दुकानात येऊन त्या खुर्चीकडे पाहिलं. उजव्या हाताचं रेक्झिन पुन्हा झिजायला लागलं होतं, चार बोटांच्या चार खुणा. मी दुरुस्तीवाल्याला फोन करून माफी मागितली. त्याला काही कळलं नाही.

योशितोचा निरोप आला नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. कारखान्यातही गेला नाही. रविवारी गटारसफाईला हजेरी घ्यायला गटप्रमुख नव्हता. त्याच्याऐवजी मासाए आली, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून. भाऊ फोन उचलत नाही म्हणून आदल्या दिवशीच नागोयाहून आली होती.

"बोलत नाही, काकू. लिहीतही नाही. भिंतीकडे तोंड करून बसलाय."

"माझ्या हातून झालं गं ते."

"कुणाच्याही हातून झालं असतं." तिनं फावड्यानं गाळ उपसला. "पण झालं की तो असा होतो. मी पलीकडच्या गावात नाही, नागोयात आहे. मी खोकी भरायला घेतलीत. शनिवारी गाडी येईल."

मला रडू आलं, पण गटारात उभं राहून रडणं बरं दिसत नाही. हमातानी शेजारीच होता. मी त्याला हळूच विचारलं, "तो कागद कुणाचा हे तुम्हाला कळलं होतं ना? मग तुम्ही खाली लिहायला का बसलात?"

"कुठला कागद?" तो म्हणाला आणि गाळ उपसत राहिला.

डिसेंबरचा पहिला बुधवार उजाडला. तिसऱ्या खुंटीवर ॲप्रन लावून मी दहाची वाट पाहिली. दहा झाले, दहा-पाच झाले. अडतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्याला गोवर झाला होता तेव्हासुद्धा मित्सुयोनं आदल्या दिवशी येऊन सांगितलं होतं. दहा-दहाला मी दुकानाला कुलूप लावलं आणि त्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. बेलकडे हात गेला, तो मागे घेतला. नुसती उभी राहिले. वरून बारीक बर्फाचं पाणी पडत होतं. हमातानी मासळी घेऊन चालला होता.

"आता तूसुद्धा मापं घेतेस का?"

"चालते व्हा," मी म्हटलं.

मग फोन काढून बोटानं एकेक अक्षर लिहिलं. 'मी फाटकाशी आहे. बेल वाजवणार नाही. कागद मी लावला, न वाचता. चुकले. दुकानात येशील तर मी एक शब्द बोलणार नाही. प्रत्येक गोष्ट आधी दाखवीन.'

अकरा मिनिटांनी उत्तर आलं. 'एक शब्द नाही हे नक्की?'

'नक्की.'

'दहा छप्पनला येतो.'

दहा छप्पनला आला. कोटाखाली पाटी, मागे मासाए, तिच्या हाताला खोकी बांधायची चिकटपट्टी तशीच. कोट तिसऱ्या खुंटीला लागला. मी त्याच्यासमोर उभी राहून फडकं दाखवलं, मग बांधलं. आरशात कात्री दाखवली, मग लावली. मशीन आधी लांब धरून सुरू केलं, त्यानं मान हलवली, तेव्हा जवळ नेलं. माझ्या जिभेला असा कडक उपास जन्मात घडला नव्हता. बंदरावर बुरीचा भाव काय निघाला, आठव्या घरातली सून परत का गेली, सगळं घशाशी येत होतं आणि मी गिळत होते. मधेच पाहिलं तर त्याचा उजवा हात खुर्चीच्या हातावर नव्हता. मांडीवर होता.

फडकं काढल्यावर तो म्हणाला, "पाच. आता बोला."

मासाए सोफ्यावर ताठ बसली. आठ दिवसांतला त्याचा पहिला शब्द होता तो.

"अरे, अडतीस वर्षं आठ होता, तर येत का होतास माझ्याकडे?"

"दुसरीकडे नऊ असेल."

मासाएला हसू फुटलं आणि तिनं तोंडावर हात ठेवला. योशितोनं पाटी काढून माझ्यासमोर ठेवली.

"काकू, पाटीची ही फेरी पूर्ण करता येत नाही. शिक्के दहा आहेत, ओळी नऊ. तुमची ओळ रिकामी आहे. हमातानींनी तुमच्यासाठी जागा सोडून खाली लिहिलंय."

मी चष्मा लावला आणि तो कागद पहिल्यांदा वाचला. तिसरं घर, हमातानी. 'समुद्रावरचा गडगडाट. भाऊ नावेवरून परत आला नाही त्या वर्षापासून. नऊ. काय केलं? सगळ्यांबरोबर दारात उभा राहून "आला, आला" म्हटलं.' पन्नास वर्षं मासेमारी केलेला माणूस! दरवर्षी सगळ्यांत मोठा आवाज त्याचा. आठव्या घरच्या आजोबांना अनोळखी फोनची धास्ती, सहा. अकराव्या घरी सेत्सु आजी. 'जेवताना दोन वाट्या काढते. सात. काय केलं? एक परत ठेवते.' त्यांचे यजमान जाऊन चौदा वर्षं झाली आहेत. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते मी हजार वेळा म्हटलं असेल, पण अशी यादी कुणी हातात दिली नव्हती.

"मी दोन दिवस वाचलं नाही. दहा होता," योशितो म्हणाला. "तिसऱ्या दिवशी वाचलं. गडगडाटाला हमातानी नऊ आहेत. मीपण नऊ. मग मी रोज वाचलं."

"पण तू बोलला का नाहीस रे?" मासाए म्हणाली. "मी तिथेच होते ना!"

"तू खोकी भरत होतीस. टेपचा आवाज येत होता."

मासाएनं हातातली चिकटपट्टी हळूच सोफ्यामागे ठेवली.

"काकू, ओळ," योशितो म्हणाला.

मी पेन घेतलं. मला वाटलं, पाठदुखीचं लिहावं, किंवा दुकानात नवं गिऱ्हाईक येत नाही त्याचं. पण हमातानीनं भाऊ लिहिला होता, सेत्सु आजींनी वाटी लिहिली होती. त्यांच्या वर बसून मी पाठदुखी लिहिली असती तर मला स्वतःची लाज वाटली असती. पहिल्या रकान्यात लिहिलं, 'योशितो नागोयाला जाईल.' दुसऱ्यात लिहिलं, 'दहा.' तिसऱ्या रकान्याशी येऊन हात थांबला. काय केलं? भिंतीपलीकडच्या येरझारा ऐकल्या आणि टीव्ही मोठा केला, दुसरं काय केलं होतं मी?

मासाएनं मान वाकडी करून ते वाचलं.

"काकू, तुम्ही मला हे कधीच बोलला नाहीत."

"गावभर बोलत असते गं मी. नेमकं हेच राहिलं."

ती भावाकडे वळली. घाई नव्हती तिच्या आवाजात, मी पहिल्यांदाच तसं ऐकलं. "योशितो, खरं सांग. नागोया किती?"

"दहा."

"आणि इथे? आई नसताना, गडगडाट, बेल, हे सगळं धरून?"

"पाच. कधी आठ. परवा दहा." त्यानं तळवे एकमेकांवर दाबले. "दहाला मला बोलता येत नाही, ताई. पाचाला येतं. आत्ता मी बोलतोय."

मासाए जमिनीवरच्या केसांकडे बघत म्हणाली, "आई गेली तर तुझं कसं होईल, याचा माझा आकडा रोज आठ असतो. मला कुणी विचारत नाही."

"मी फोनवर विचारतो. सात वाजता," योशितो म्हणाला. "रोज."

ती डोळे पुसत म्हणाली, "अरे, पण खोकी? सात भरून झालीत."

"कशात काय आहे त्याची यादी केली आहे. उलट्या क्रमानं रिकामी करायची. टेप मी नसताना काढ."

ती "बरं" म्हणाली. एवढंच. गाडीवाल्याला फोन करायला बाहेर गेली आणि दार तिनं आवाज न करता लावलं.

योशितोनं माझ्या हातातलं पेन घेतलं. तारखा लिहितो तशा कोरीव अक्षरांत त्यानं माझ्या ओळीचा तिसरा रकाना भरला. 'काकूंनी लिहून सांगितलं. तो राहतो म्हणाला.' मग खिशातून शिक्का काढून पहिल्या घराच्या चौकोनात, जिथे गटप्रमुखानं सगळ्यात शेवटी मारायचा असतो तिथे, मारला. त्यावर फुंकर घातली.

"आता किती?" त्यानं मला विचारलं.

मला बोलताच येईना. नाकडोळे ॲप्रनला पुसत कसंबसं म्हटलं, "थांब रे मेल्या, जरा रडू तरी दे!"

तो थांबला. घड्याळाकडे पाहिलं, कोट घातला आणि पाटी काखेत मारली.

"ठीक आहे," तो म्हणाला. "सात वाजता सांगा."